८९१.४६ च्या कपाटापाशी

महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांच्या ग्रंथालयांत मराठी कादंबऱ्यांच्या कपाटापाशी उभे राहिले, की पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्यांवर एकच आकडा ओळीने दिसतो : ८९१.४६३. पलीकडच्या कपाटात इंग्रजी कादंबऱ्या असतात. त्यांच्या पट्टीवर नुसते ८२३. मराठीला सहा अंक, इंग्रजीला तीन. यात कोणी मुद्दाम अपमान केलेला नाही. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. ते पुढे वाढत गेले आणि त्यातल्या साहित्याच्या वाड्यात अमेरिकन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन आणि ग्रीक या आठांना स्वतंत्र बिऱ्हाडे मिळाली. उरलेल्या जगाच्या वाट्याला ८९० ही एकच खोली आली. चिनी, अरबी, रशियन, तमिळ, बंगाली सगळे तिच्यात. मराठी त्या खोलीतली पोटभाडेकरू, आणि ८९१.४६९ वर बसवलेली कोकणी ही मराठीची पोटभाडेकरू. कोकणीला साहित्य अकादमीने १९७५ मध्ये स्वतंत्र भाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. पट्टीवरचा आकडा हलला नाही.

धर्माच्या कपाटात हाच हिशेब अधिक ढळढळीत दिसतो. २०० हा धर्माचा वर्ग. त्यातल्या २२० ते २८० या सात जागा ख्रिस्ती धर्माच्या. बाकीचे सारे धर्म २९० मध्ये. बौद्ध धर्म २९४.३ वर, हिंदू २९४.५ वर, इस्लाम २९७ वर. पंढरीच्या वारीवरचे पुस्तक त्यापुढे आणखी अंकांची शेपटी लावूनच जागेवर जाते.

ग्रंथपाल हे रोज पाहतो आणि रोज विसरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मागितलेले पुस्तक देवघेवीच्या टेबलावर लवकर यावे हे त्याचे काम, आणि सवयीच्या आकड्याने ते लवकर येते. पण ते कोणासाठी लवकर येते? कोणता शब्द उच्चारला की येते, आणि कोणता उच्चारला की येत नाही? प्रस्तुत संग्रहातले सारे लेखन या प्रश्नांभोवती फिरते.

या चर्चेला जगभर ग्रंथालय व माहितीशास्त्राचे निर्वसाहतीकरण असे नाव पडले आहे. शब्द जड आहे, पण त्यातला व्यवहार साधा आहे. ग्रंथालयशास्त्र चार गोष्टी शिकवते : काय जमवायचे, त्याला काय नाव द्यायचे, ते कुठे ठेवायचे आणि कोणाला दाखवायचे. या चारही गोष्टींचे आजचे नियम प्रामुख्याने युरोप आणि अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे, म्हणजे साम्राज्ये ऐन भरात असताना घडले. ते नियम तपासणे, जिथे ते लोकांना त्यांच्याच ज्ञानापासून दूर ठेवतात तिथे बदलणे, आणि जिथे उपयोगी आहेत तिथे डोळसपणे वापरणे, एवढा या चळवळीचा पसारा. मराठीत साहित्यापुरती ही चर्चा जुनी आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादावर ऐंशीच्या दशकापासून वाद झडले. ते वादविवाद ज्या कपाटांत ठेवले गेले, त्या कपाटांकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही.

सुरुवात मुंबईपासून करता येते. १८०४ मध्ये जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे पुढे एशियाटिक सोसायटी झाली आणि टाउन हॉलच्या पायऱ्या ही तिची ओळख बनली. पौर्वात्य विद्येसाठी निघालेल्या या संस्थेत पहिली साडेतीन दशके एकही हिंदी सभासद नव्हता. त्याच काळात जिल्ह्याच्या गावी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ उभ्या राहू लागल्या : रत्नागिरीत १८२८, अहमदनगरला १८३८, नाशिकला १८४०, पुण्यात १८४८. इंग्रज अधिकाऱ्यांचा आश्रय, गावातल्या शिकलेल्यांची वर्गणी आणि कपाटात बहुतांशी इंग्रजी पुस्तके, असे त्यांचे रूप होते. पुढे यांपैकी बऱ्याच संस्था नगर वाचनालये झाल्या आणि मराठी वाचक त्यांच्या अंगणात वाढला. गोव्यात पोर्तुगीजांनी १८३२ मध्ये पणजीला सार्वजनिक ग्रंथालय काढले. आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते. शतकानुशतके वाहत आलेल्या मराठीला आणि ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी सोळाव्या शतकात छापखाना आणलेल्या गोव्याला, ग्रंथालय ही संस्था परक्या सत्तेच्या हातून मिळाली हे खरे; ग्रंथसंग्रह ही कल्पना मात्र परकी नव्हती.

कारंजा लाडच्या जैन भांडारांत, महानुभावांच्या मठांत, देशस्थ वाड्यांतल्या पोथ्यांच्या बासनांत संग्रह होतेच. तंजावरचे सरस्वती महाल तर मराठी राजाने नावारूपाला आणले. सरफोजी दुसरे यांनी तिथे संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितांशेजारी युरोपात छापलेली पुस्तके आणून ठेवली. या संग्रहांना आपापली शिस्त होती. ती शिस्त छापील तालिकेत नव्हती. ती सांभाळणाऱ्याच्या डोक्यात होती, आणि म्हणूनच बाहेरच्या अभ्यासकाला दिसली नाही. तंजावरच्या संस्कृत हस्तलिखितांची सूची बर्नेल या सनदी अधिकाऱ्याने १८८० मध्ये लंडनला छापली, तेव्हापासून विद्वानांसाठी ते ग्रंथालय ‘अस्तित्वात’ आले.

साम्राज्याला याद्यांचे वेड होते आणि त्याला कारण होते. १८५७ नंतर दहा वर्षांनी, १८६७ च्या कायद्याने हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची झाली. सरकार दर तीन महिन्यांनी याद्या छापू लागले. हेतू नजर ठेवण्याचा. फळ मात्र असे, की एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुद्रणाचा तो सर्वांत सलग पुरावा ठरला. १८६६ पासून मुंबई सरकारने हस्तलिखितांचा शोध सुरू केला. ब्यूलर, कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी त्यात आयुष्याची वर्षे घातली. तो संग्रह डेक्कन कॉलेजातून १९१८ मध्ये नव्या भांडारकर संस्थेत आला आणि त्यातल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांना युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात घेतले. पाळत आणि जतन एकाच टाकाने लिहिले गेले आहे. त्यांना वेगळे काढणे सोपे नाही.

पेशवे दप्तराची कथा याहून बोलकी आहे. १८१८ नंतर पेशव्यांचे कागद कंपनीच्या हाती गेले. इनाम कमिशनच्या काळात जमिनीचे हक्क तपासण्यासाठी त्यांची उलथापालथ झाली. जे दप्तर फडांच्या कामकाजातून आकाराला आले होते, त्याला आता महसुली चौकशीच्या सोयीचा क्रम मिळाला. कापडी रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांपर्यंत इतिहास संशोधकांना कित्येक दशके सहज पोचता येत नव्हते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे घरोघर, वाड्यावाड्यांत हिंडून कागद का जमवत होते, याचे एक उत्तर या बंद दारात आहे. त्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, बावीस खंड काढले, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. दप्तरातले निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत बाहेर आले. राजवाडे निर्वसाहतीकरण हा शब्द जाणत नव्हते, पण सरकारी अभिलेखागाराला पर्यायी अभिलेखागार उभे करणे म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावे.

पुस्तकांच्या बाबतीत तेच काम मराठी ग्रंथ संग्रहालयांनी केले. ठाण्याचे १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये सुरू झाले. मराठी पुस्तकांना मध्यभागी जागा देण्यासाठीच ती निघाली होती. शंकर गणेश दाते यांनी एकहाती चिकाटीने १८०० ते १९३७ या काळातली ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. ब्रिटिश म्युझियमने १८९२ मध्ये आपल्याकडच्या मराठी पुस्तकांची यादी छापली होती. दात्यांच्या सूचीने मराठी माणसाला ती यादी लंडनहून मागवण्याची गरज उरू दिली नाही.

बडोद्याची तऱ्हा निराळी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहून भारावले, आणि १९१० मध्ये न्यू हेवनच्या विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालय खाते उभे केले. १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग निघाला. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. खात्याच्या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीही होती. बोर्डन यांनी ड्यूई आणि कटर या दोन अमेरिकन पद्धतींची सांगड घालून बडोद्यासाठी नवी मांडणी बेतली. ही पद्धत कोणी लादली नव्हती. एका हिंदी राजाने ती पारखून, पैसे मोजून आणली होती. परके म्हणजे लादलेलेच, असे समजणाऱ्याला बडोदे अडचणीत टाकते.

त्याच बडोद्यात १९१७ मध्ये, सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेले भीमराव आंबेडकर नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून जमावाने बाहेर काढल्यावर ते मुंबईच्या गाडीची वाट पाहत सार्वजनिक बागेत बसून राहिले. ग्रंथालयांच्या इतिहासात हा प्रसंग सहसा येत नाही. या संग्रहात तो येतो, कारण या विषयाच्या भारतीय बाजूचा सर्वांत अवघड प्रश्न त्यात आहे. त्याकडे पुढे वळावे लागेल.

त्याआधी रंगनाथन. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासमधले गणिताचे अध्यापक १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा संच पाहिला. त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट, पण जोडाल तशी वस्तू तयार. त्यांना वाटले, विषयही असेच जोडता आले पाहिजेत. ड्यूईच्या पद्धतीत प्रत्येक विषयासाठी तयार खण आहे. खण नसेल तर विषय कोपऱ्यात जातो. रंगनाथन यांनी खणच काढून टाकले. विषयाचे पैलू पाडायचे : वस्तू कोणती, द्रव्य कोणते, क्रिया कोणती, स्थळ कोणते, काळ कोणता, मग ते जोडून वर्गांक बांधायचा. ‘भातावरच्या करप्याचे कोकणातले नियंत्रण’ या पुस्तकाला मग कोणाच्या तरी वर्गाचा आश्रित व्हावे लागत नाही. ही द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे आली होती. लंडनच्या वर्गीकरण संशोधन गटाने १९५५ मध्ये पैलूंवर आधारलेले वर्गीकरण हाच माहितीशोधाचा पाया असावा अशी भूमिका घेतली. युरोपात जन्मलेल्या सार्वत्रिक दशांश पद्धतीने २००० मध्ये आपला धर्माचा वर्ग नव्याने बांधला आणि सगळ्या धर्मांना समान चौकट दिली, त्यामागेही पैलूंचाच विचार होता. ऑनलाइन दुकानात साडी शोधताना रंग, पोत आणि किंमत वेगवेगळी निवडता येते, तीही त्याच कुळातली सोय.

मग भारतातल्या बहुतेक ग्रंथालयांनी रंगनाथन का स्वीकारले नाहीत? उत्तर थोडे लाजिरवाणे आहे. द्विबिंदूचे आकडे लांब आणि अवघड, नव्या आवृत्त्यांमध्ये बदल मोठे, आणि ड्यूईचे तयार आकडे परदेशी पुस्तकांबरोबर आयतेच येत. सोयीचे राज्य सत्तेच्या राज्यापेक्षा जास्त टिकते. रंगनाथन यांनाही निर्दोष देव्हाऱ्यात बसवण्याची गरज नाही. त्यांच्या धर्मवर्गात वैदिक परंपरा सर्वांत आधी येते. ड्यूईकडे जसे चर्च पहिल्या रांगेत, तसे इथे वेद. स्वतःच्या अंगणातून जग पाहण्याची खोड साम्राज्यापुरती मर्यादित नसते.

जगभरच्या या चर्चेत आज ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. त्यांची ओळख झाली की नवख्या वाचकाला पुढची वाट सापडते.

पहिला दुरुस्तीचा. सॅनफोर्ड बर्मन हा अमेरिकन ग्रंथपाल झांबियाच्या विद्यापीठात काम करत असताना त्याला कळले, की लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांतला ‘काफिर’ हा शब्द तिथल्या माणसांना शिवीसारखा लागतो. १९७१ मध्ये त्याने अशा पूर्वग्रहदूषित शीर्षकांचा जाडजूड पंचनामा छापला, आणि पुढची कित्येक दशके तो दुरुस्त्या सुचवणारी पत्रे पाठवत राहिला. डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये ‘बेकायदा परके’ या अर्थाच्या शीर्षकाला हरकत घेतली. प्रकरण अमेरिकन संसदेपर्यंत गेले आणि बदल व्हायला २०२१ साल उजाडले. एका शब्दाला सात वर्षे. ‘अस्पृश्य’ या अर्थाचे शीर्षक जाऊन तिथे ‘दलित’ आले, ते याच वाटेने. खुद्द ड्यूईचे नाव अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून काढले, कारण ज्यू आणि कृष्णवर्णीयांना दार बंद करणारा त्याचा क्लब आणि स्त्रियांशी त्याचे वर्तन. पदकाचे नाव बदलले, आकडे तसेच राहिले.

दुसरा प्रवाह म्हणतो, दुसऱ्याचे घर दुरुस्त करत बसण्यापेक्षा आपले बांधा. कॅनडातल्या मोहॉक समाजाचे ब्रायन डिअर यांनी सत्तरच्या दशकात आदिवासी संघटनेच्या ग्रंथालयासाठी स्वतःचे वर्गीकरण केले. अमेरिकन पद्धतीत आदिवासींची सारी पुस्तके अमेरिकेच्या इतिहासात, जणू संपलेल्या प्रकरणासारखी. डिअर यांनी शेजारी राहणाऱ्या समाजांना कपाटातही शेजारी ठेवले. व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या आदिवासी ग्रंथालयाने ही पद्धत आपल्या गरजेप्रमाणे वाढवून चालवली आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेत, माओरी नातेसंबंधांच्या चौकटीत विषयशीर्षके तयार झाली. त्या देशाशी महाराष्ट्राच्या ग्रंथालयांचा एक अनपेक्षित धागा आहे. इथल्या अनेक कॉलेजांत संगणकीकरणासाठी वापरली जाणारी ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयात २००० च्या सुरुवातीला सुरू झाली. ‘कोहा’ म्हणजे माओरीत परतफेडीच्या जाणिवेने दिलेली भेट.

तिसरा प्रवाह ताब्याचा. लंडनमधल्या इंडिया ऑफिस ग्रंथालयाची सुरुवात १८०१ ची. स्वातंत्र्यानंतर भारत आणि पाकिस्तान या दोघांनीही त्यावर हक्क सांगितला, आणि १९८२ मध्ये ते ब्रिटिश लायब्ररीत विलीन झाले. केनियातल्या माऊ माऊ लढ्यात छळ झालेल्या वृद्धांनी ब्रिटनवर दावा लावला तेव्हा, २०११ मध्ये, हॅन्स्लोप पार्क येथे वसाहतींतून गुपचूप हलवलेल्या सुमारे ८,८०० फायली असल्याचे उघड झाले. त्या ३७ माजी वसाहतींच्या होत्या. कागद कोणाकडे आहेत यावर न्याय अवलंबून असतो, हे इतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

भारताने याच आघाडीवर एक वेगळा डाव टाकला. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. त्या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू झाले. संस्कृत, फारसी, अरबी, उर्दू, तमिळ ग्रंथांतले औषधी योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या भाषांत उतरवले गेले, आणि आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात वनौषधींना नीट जागा नव्हती ती भारतीय वर्गीकरणाच्या रेट्याने झाली. विजय मोठाच. पण हे ग्रंथालय दोन दशके फक्त परदेशी आणि देशी पेटंट कार्यालयांना खुले होते. दार आणखी उघडण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२२ मध्ये घेतला. सांगलीच्या हळद उत्पादकाचे ज्ञान म्युनिकच्या परीक्षकाला जर्मनमध्ये वाचता येत होते, सांगलीत मराठीत नाही.

चौथा प्रवाह ग्रंथ या कल्पनेलाच हात घालतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी पुण्याहून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखांहून अधिक. दळताना बाया जे बोलल्या ते कोणत्याही दाखल नोंदवहीत नव्हते. त्यात माहेर होते, सासर होते, विठ्ठल होता आणि बाबासाहेबही होते. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात ऐकायला आणि वाचायला मिळू लागला. ओवीचा लेखक कोण, साल कोणते, प्रकाशक कोण? तालिकेच्या तिन्ही रकान्यांत रेघ मारावी लागते. गाणारीचे नाव आणि गाव हेच इथे मुख्य नोंद बनते. याच प्रवाहात असाही आग्रह आहे, की सगळेच सगळ्यांना दाखवू नये. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले आदिवासी समाज आपल्या ज्ञानावर कोणी, केव्हा पाहावे याच्या खुणा लावतात. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीत झाकून ठेवले होते. राजवाड्यांनी ती उकलेपर्यंत ते बाहेरच्यांसाठी मुकेच होते.

इथे बडोद्याच्या बागेतला तो प्रसंग पुन्हा समोर येतो. उत्तर अमेरिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना ‘आमचे ज्ञान आम्हाला परत द्या’ असे म्हणता येते, कारण ‘आम्ही’ कोण हे त्यांना ठाऊक आहे. भारतात ‘आम्ही’ हाच वादाचा शब्द. पोथीचे बासन सोडण्याचा अधिकार ब्रिटिशांच्या आधीही फार थोड्यांना होता. शाळेत आंबेडकरांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी हेरले, पुस्तके पुरवली, आणि पुढे सयाजीरावांपर्यंत पोचवले. इंग्रजी राजवटीने बंद केलेली दारे आणि उघडलेली दारे एकाच भिंतीत आहेत. म्हणून वसाहतीपूर्व व्यवस्थेकडे परत जाणे म्हणजे निर्वसाहतीकरण, असा अर्थ घेतला तर तो बहुसंख्य वाचकांना पुन्हा ओसरीवर बसवील. ज्ञानावर ‘आमचा’ हक्क सांगण्याची भाषा किती घसरू शकते, हे पुण्याने ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवरच्या हल्ल्यात पाहिले.

हा विषय आजच का उचलायचा? कारण कपाटे आता पडद्यावर आली आहेत, आणि पडद्यावरची चूक एका गावापुरती राहत नाही. एक उदाहरण पुरेसे आहे. अमेरिकेचा १९५४ चा पीएल-४८० कायदा जुन्या पिढीला लाल गव्हामुळे आठवतो. त्या गव्हाच्या बदल्यात साठलेल्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने १९६२ पासून भारतीय पुस्तके विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवली. शिकागो आणि पेनसिल्व्हेनियाच्या ग्रंथालयांतली मराठी कपाटे त्यातून भरली, आणि मराठी साहित्यावर परदेशात संशोधन होऊ शकले. त्या पुस्तकांच्या नोंदी मात्र रोमन लिपीत झाल्या. त्या नियमांत ‘च’ साठी नुसता ‘सी’ आहे. ‘सी’ला ‘एच’ जोडला की तो ‘छ’. मराठी माणूस ‘चालू’ हा शब्द सवयीने ‘सी-एच’ने लिहितो, म्हणजे यंत्राच्या हिशेबी ‘छालू’ शोधतो, आणि हाती काही लागत नाही. चमच्यातला ‘च’ आणि चंद्रातला ‘च’ वेगळे, हे तर त्या नियमांना ठाऊकच नाही. आता बऱ्याच नोंदींत देवनागरीही जोडली जाते, पण जुना ढिगारा मोठा आहे. ज्या नोंदी इंग्रजीत नीट आहेत त्यांच्या वर आणखी साधने उभी राहतात. ज्या नाहीत त्या पुढच्या प्रत्येक साधनातून गळतात. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये जागा मिळाली, म्हणजे रुमालांतले कागद यंत्राला अक्षर म्हणून वाचवण्याची वाट आता कुठे खुली झाली.

दुसरे कारण घरचे आहे. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे मोठे जाळे तयार झाले. त्यांची संख्या हजारांत आहे. तालुक्याच्या गावातला ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनात जे पुस्तक नोंदवतो, ते कोणत्या शब्दाखाली नोंदवतो, यावर त्या गावातल्या मुलीला ते सापडणे अवलंबून असते. तिच्या हातात शोधायला इंग्रजी शीर्षक नसते. तिच्याकडे असतो तिचा शब्द : पोवाडा, वही, बलुतं, तमाशा, भारूड.

या संग्रहाने आपली कसोटी तिच्या शब्दाशी बांधली आहे. पद्धत अमेरिकन आहे की तमिळ, रोमन आहे की मोडी, यावर ती चांगली की वाईट ठरत नाही; वाचक आपल्या तोंडच्या शब्दाने कपाटापर्यंत पोचतो का, आणि कोणाला कोणत्या कारणाने वाटेत अडवले जाते, हे पाहिले आहे. त्यामुळे वर सांगितलेल्या चार प्रवाहांपैकी कोणा एकाचा झेंडा इथे नाही. दुरुस्तीवाल्यांचा काटेकोरपणा, समांतर घर बांधणाऱ्यांची हिंमत, ताब्याचा प्रश्न विचारणाऱ्यांचा संशय आणि ग्रंथाबाहेर पाहणाऱ्यांचा कान, चारही जागोजागी कामाला लावले आहेत, आणि जातीच्या प्रश्नावर चौघांनाही उलट विचारले आहे. निर्वसाहतीकरण हे रूपक करून टाकू नका, मूळ प्रश्न जमिनीचा आहे, असे उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये बजावले. त्या इशाऱ्यापुढे पट्टीवरचा आकडा क्षुल्लक दिसेल. इथल्या लेखकांना तो क्षुल्लकपणा मान्य आहे. पेशवे दप्तरात जमिनीचा हक्कच कागदाच्या क्रमावर ठरला होता, याची आठवणही ते देतात.

या पुस्तकात आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, आणि तयार पर्यायी वर्गीकरणही यात सापडणार नाही. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते सलग वाचावे; इतरांनी आपल्या कुतूहलाचे टोक धरून कुठूनही शिरावे. शेवटच्या सूचीत दप्तर, रुमाल, बासन, फड, ओवी हे शब्द मुख्य नोंदी म्हणून आले आहेत. त्यांना इंग्रजी प्रतिशब्दाकडे पाठवणारी ‘पाहा’ची खूण मुद्दाम दिलेली नाही.

छापून झाल्यावर या पुस्तकालाही पट्टी लागेल. ड्यूईच्या पद्धतीत ते ०२० च्या आसपास, ग्रंथालयशास्त्रात जाईल, आणि ते मराठीत लिहिलेले आहे हे त्या वर्गांकात कुठेही दिसणार नाही. रंगनाथन यांनी ग्रंथांकात भाषेसाठी वेगळी जागा ठेवली होती. काही ग्रंथालयांत आजही, नियमात नसताना, पट्टीच्या कोपऱ्यात निळ्या शाईने हाताने ‘म’ लिहिलेला असतो.